एकशे बासष्ट किलो सुवाह्य

खात्यात त्यांना सगळे 'वरचे' म्हणत. त्यांना नाव होतं, पगारपत्रकावर ते दर महिन्याला छापूनही येई, पण हाक मारताना कुणाला आठवत नसे. तीन डोंगरमाथ्यांवर खात्याची तीन बिनतारी केंद्रं होती आणि तिन्हींची देखभाल या एका माणसाच्या गळ्यात होती, त्यामुळे ते कायम वर. कचेरीत फोन आला की तक्तेवाल्या बाई सांगत, "वरचे वर गेलेत," आणि पलीकडचा नवखा माणूस विचारी, "अरेरे, कधी?" एखादी गोष्ट कुणालाच ठाऊक नसली की "ते वरच्यांनाच माहीत" असं म्हणून मोकळं व्हायची खात्यात पद्धत होती. गंमत अशी, की ती गोष्ट बहुतेक वेळा खरोखर त्यांनाच माहीत असे. फक्त त्यांना कुणी विचारत नसे.

माथ्यावरचं केंद्र म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हे. एक लोखंडी मनोरा, त्याच्या पायाशी आठ बाय आठची खोली, आणि खोलीत कपाटाएवढं एक यंत्र. डोंगराच्या अलीकडचा आवाज उचलून पलीकडे टाकायचा, पलीकडचा अलीकडे, एवढंच त्याचं काम. वीज खालून तारेने येई. वारा सुटला की तार पडे. मग बॅटऱ्या आठ तास तग धरत आणि नवव्या तासाला यंत्र गप्प होई.

पहिल्या माथ्यावरचं यंत्र गप्प झालं तर खात्यातले दोन साहेब एकमेकांची तब्येत विचारायचे राहून जात. दुसऱ्या माथ्यावरून हवामानाचे आकडे येत, ते कुणी वाचत नसे. तिसऱ्याची गोष्ट वेगळी होती. तिसऱ्या माथ्यापलीकडे खोल दरी, दरीत विखुरलेल्या अकरा वस्त्या आणि त्या सगळ्यांना मिळून दोन खोल्यांचं एक आरोग्यकेंद्र. तिथे एक शिपाई आणि एक परिचारिका. डॉक्टर तालुक्याच्या रुग्णालयात. कुणाचं जास्त झालं, की परिचारिका बिनतारीवरून डॉक्टरांना सांगे, डॉक्टर काय द्यायचं ते सांगत आणि लांबच्या रस्त्याने चार तासांत गाडी पाठवत. गाडी न सांगता येत नसे, कारण कुठलीच गाडी न सांगता येत नाही.

ती परिचारिका म्हणजे वरच्यांची धाकटी बहीण.

मागच्या वर्षी वाऱ्याच्या दिवसांत तार पडली आणि तिसरं केंद्र तीन दिवस मुकं झालं. नशिबाने त्या तीन दिवसांत दरीत कुणाला काही झालं नाही. पण नंतर भाऊ भेटायला गेला तेव्हा धाकटी त्याच्यावर चांगलीच उखडली होती. "दादा, माझ्याकडे गोळ्या आहेत, सलाइन आहे, दोन हात आहेत," ती म्हणाली. "पण तुझं यंत्र गप्प झालं की मी इथे नुसती पांढरे कपडे घालून बसलेली बाई असते. पुढच्या खेपेला कुणीतरी माझ्या हातात जाईल. मग मी काय करू ते सांग."

वरच्यांनी खाली आल्यावर अर्ज केला. अर्ज अगदी साधा होता. तिसऱ्या केंद्राला जेमतेम दोन बल्बांइतकी वीज लागते, तरी एक लहान जनरेटर मिळावा, वीस-एकवीस किलोचा, एका माणसाला पाठीवर बांधून नेता येईल असा. तो वरच्या खोलीत ठेवला की तार पडल्यावर आरोग्यकेंद्राचा शिपाई तासाभरात चढून दोरी ओढेल आणि यंत्र पुन्हा बोलू लागेल.

अर्ज चार टेबलांवरून फिरला आणि प्रत्येक टेबलावर थोडा थोडा शुद्ध होत गेला. पहिल्या टेबलावर 'जनरेटर'चं 'विद्युतजनित्र' झालं. दुसऱ्यावर 'वीस-एकवीस किलो' हे मोघम आहे म्हणून गळलं. तिसऱ्यावर 'पाठीवर बांधून' हे शब्द सरकारी कागदाला शोभत नाहीत असं ठरलं. चौथ्या टेबलावरून निघताना कागदावर एवढंच उरलं होतं: 'सुवाह्य विद्युतजनित्राची निवड करण्याबाबत.'

मग निवड समिती नेमली गेली. अध्यक्ष साहेब, सदस्य भांडारप्रमुख, सचिव तक्तेवाल्या बाई आणि तांत्रिक सदस्य म्हणून वरचे. पहिली बैठक 'सुवाह्य' या शब्दात गेली. भांडारप्रमुखांना आधी वाटलं की याचा सुवासाशी काहीतरी संबंध असावा, आणि जनरेटरला सुवास कुठून आणायचा या काळजीने ते दोन रात्री नीट झोपले नव्हते म्हणे. बाईंनी शब्दकोश उघडला. वाहून नेण्यास सोपे ते सुवाह्य.

"सोपे म्हणजे किती सोपे?" साहेबांनी विचारलं. साहेबांना नेमकेपणा आवडे.

"एका माणसाला उचलता आलं पाहिजे," वरचे म्हणाले.

"कुठला माणूस? माणसामाणसात फरक असतो." साहेबांनी भांडारप्रमुखांच्या पोटाकडे पाहिलं. "आपल्याला वस्तूची व्याख्या करायची आहे, माणसाची नाही."

तासाभराने व्याख्या ठरली: ज्यास चाके किंवा मूठ किंवा दोन्ही आहेत, ते सुवाह्य. वरच्यांनी तोंड उघडलं, पण तेवढ्यात सगळे उठले होते.

पुढच्या आठवड्यात दोन विक्रेते आपापली यंत्रं घेऊन कचेरीच्या आवारात आले. पहिला एका हातात जनरेटर लटकवत फाटकातून चालत आला. समितीला वाटलं हा डबा घेऊन आलाय, यंत्र मागून येत असेल. त्याने ते फरशीवर ठेवलं, दोरी ओढली आणि हात बांधून उभा राहिला.

"करा ना चालू," साहेब म्हणाले.

"चालू आहे, साहेब."

बाईंनी वाकून कान लावला. घुर्र असं काहीतरी येत होतं खरं. भांडारप्रमुखांनी तोंड वाकडं केलं. आपण एवढी समिती नेमली ती या एवढ्याशा डब्यासाठी, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होता. वरच्यांना मात्र ते यंत्र बघून भरून आलं. त्यांनी एकदा ते उचलून पाहिलं, पाठीला लावून पाहिलं, आणि मनातल्या मनात तिसऱ्या माथ्याची वाट चढूनही आले.

दुसऱ्या विक्रेत्याचं यंत्र टेंपोतून आलं. ते उतरवायला सहा जण लागले आणि उतरवताना एकाच्या बोटाचं नख गेलं. पण एकदा फरशीवर आलं आणि त्याची चार चाकं टेकली, की भांडारप्रमुखांनी एका बोटाने ते ढकलून दाखवलं. "बघा, एका बोटाने!" ते ओरडले. यंत्र आवारभर पळालं. त्याला मूठही होती, म्हणजे ते व्याख्येत दोनदा बसत होतं. विक्रेत्याने ते चालू केलं तेव्हा खिडक्यांची तावदानं थरथरली आणि तिसऱ्या मजल्यावरचे लोक गॅलरीत आले.

"हा जनरेटर!" साहेब ओरडून म्हणाले. ओरडल्याशिवाय ऐकूच जात नव्हतं.

"साहेब, माथ्यावर फरशी नाही," वरचे ओरडले.

"काय?"

"फरशी! वर फरशी नाही! पायवाट आहे, दगडधोंडे आहेत!"

"मग फरशीचा वेगळा प्रस्ताव करा," साहेबांनी सांगितलं.

तरीही वरच्यांना आशा होती. शेवटी निर्णय तक्त्यावर व्हायचा होता आणि आकडे खोटं बोलत नाहीत असं त्यांना वाटे. तक्तेवाल्या बाईंना अख्खं खातं मानायचं. त्यांनी आखलेल्या रेघा छापल्यासारख्या दिसत आणि त्यांच्या बेरजेत तीस वर्षांत कुणाला चूक सापडली नव्हती. बाईंनी दोन्ही यंत्रांची माहितीपत्रकं समोर ठेवून सुंदर तक्ता केला. वीज, टाकी, एका टाकीत चालणारे तास, आवाज, वजन, हमीचे महिने. सहा रकाने, आणि सातवा रकाना 'एकूण'.

बैठकीत बाईंनी तक्ता वाचून दाखवला. लहान यंत्र: वीज दोन, टाकी चार, तास सहा, आवाज अठ्ठावन्न, वजन एकवीस, हमी चोवीस. एकूण एकशे पंधरा. मोठं यंत्र: वीज साडेसात, टाकी पंधरा, तास आठ, आवाज ब्याण्णव, वजन एकशे बासष्ट, हमी बारा. एकूण दोनशे साडेशहाण्णव.

"म्हणजे जवळजवळ अडीचपट चांगलं," साहेब म्हणाले.

वरच्यांना आधी कळेचना की काय झालं. मग कळलं, आणि त्यांनी कपाळावर हात मारला. बाईंनी सगळे रकाने सरळ मिळवले होते. लिटर, तास, किलो, महिने, सगळं एकाच पोत्यात.

"बाई, वजनाची बेरीज कशी करता?" ते म्हणाले. "वजन जितकं जास्त तितकं वाईट."

"वजन जास्त असणं वाईट कधीपासून झालं?" साहेबांनी भुवया उंचावल्या. साहेबांचं स्वतःचं वरपर्यंत वजन होतं आणि ते त्यांनी वीस वर्षं खपून वाढवलं होतं.

"आणि आवाज? आवाज जास्त म्हणजे..."

"हे बघा," बाई शांतपणे म्हणाल्या, "माझ्या तक्त्यात सगळ्या आकड्यांना समान वागणूक असते. हा वाईट, तो चांगला, असं मी ठरवायला लागले तर त्याला पक्षपात म्हणतात." आणि त्यांनी तक्ता वरच्यांकडे सरकवला. "बेरीज चुकली असेल तर दाखवा."

वरच्यांनी बेरीज तपासली. ती बरोबर होती.

इथे खरं म्हणजे वरच्यांनी हटून बसायला हवं होतं. पण पाच वाजत आले होते. साहेब म्हणाले, आज सह्या झाल्या नाहीत तर विषय पुढच्या वर्षावर जाईल, मग तुमच्या त्या तिसऱ्या माथ्याला वर्षभर काहीच मिळणार नाही, चालेल का? वर ते बाईंना म्हणाले, "आमचे तज्ज्ञ आहेत ते, त्यांना बारकावे दिसणारच." एकवीस वर्षांच्या नोकरीत वरच्यांना पहिल्यांदाच कुणी तज्ज्ञ म्हटलं होतं. खोटं कशाला बोला, त्यांना ते गोड लागलं. काहीच नसण्यापेक्षा काहीतरी बरं, नेऊ कसंतरी वर, असं स्वतःला सांगून त्यांनी चौथ्या जागी सही ठोकली. सही नेहमीपेक्षा जरा ऐटबाज आली, हेही त्यांच्या लक्षात आलं.

यंत्र महिन्याभरात आलं. टेंपोने ते तिसऱ्या माथ्याच्या पायथ्याशी, जिथे डांबरी रस्ता संपतो, तिथपर्यंत नेलं. तिथून वर पायवाट होती, एकट्या माणसाला सव्वादोन तासांची. साहेबांनी यंत्राच्या मुठीवर हात ठेवून फोटो काढून घेतला आणि सगळे परतले. वरच्यांनी यंत्रावर ताडपत्री बांधली आणि कचेरीत येऊन दुसरा अर्ज केला: यंत्र वर नेण्यासाठी चार हमाल मंजूर व्हावेत.

आठ दिवसांनी अर्ज शेरा मारून परत आला. 'यंत्र सुवाह्य असल्याने हमालांची आवश्यकता दिसून येत नाही.'

वरच्यांनी पुन्हा लिहिलं, की यंत्र एकशे बासष्ट किलोंचं आहे. पुन्हा आठ दिवसांनी उत्तर आलं. यंत्र जर वाहून नेता येत नसेल तर ते सुवाह्य नाही, आणि ते सुवाह्य नसेल तर निवड समितीची चौकशी करावी लागेल. तरी तांत्रिक सदस्यांनी यंत्र सुवाह्य आहे किंवा कसे याबाबत आपला स्पष्ट अभिप्राय द्यावा. वरच्यांनी तो कागद तीनदा वाचला. मग घडी घालून खिशात ठेवला आणि अभिप्राय दिलाच नाही. घरी बायकोने विचारलं, "तोंड असं का?" तर म्हणाले, डोकं दुखतंय.

तिसऱ्या आठवड्यात वारा सुटला.

सकाळी कचेरीत आल्या आल्या त्यांनी भिंतीवरच्या, केंद्रांचे दिवे असलेल्या फलकाकडे पाहिलं. तिसऱ्या केंद्राचा दिवा विझलेला होता. संध्याकाळी कधीतरी तार पडली असणार आणि पहाटे बॅटऱ्यांनी मान टाकली असणार. त्यांनी कुणाची परवानगी विचारली नाही. खात्याची जीप काढली, ड्रायव्हरला सोबत घेतलं आणि नऊच्या सुमारास पायथा गाठला. पायथ्याजवळ दगडाची खाण होती. तिथल्या मुकादमाला त्यांनी अक्षरशः हात जोडले, तेव्हा त्याने चार गडी दिले. गड्यांनी ताडपत्री सोडली, यंत्राच्या सांगाड्यातून दोन बांबू घातले, दोर आवळले आणि खांदे लावले.

पहिल्याच चढावर चारी जणांच्या तोंडाला फेस आला. दहा पावलं गेली की यंत्र खाली, दम खायचा, पुन्हा खांद्यावर. चाकं होती ना, ती प्रत्येक दगडात अडकत. शेवटी एका गड्याने पाना मागितला आणि चारही चाकं काढून झुडपात भिरकावून दिली. वरचे पुढे चालून वाटेतले दगड बाजूला करत होते आणि मिनिटामिनिटाला घड्याळ बघत होते.

"काय आहे हो यात एवढं?" एका गड्याने घाम पुसत विचारलं.

"वीज," वरचे म्हणाले.

"मग तुमच्या वर किती माणसं राहतात?"

"कुणी नाही राहत."

गड्याने बाकीच्या तिघांकडे पाहिलं. कुणी हसलं नाही, हसायला दम नव्हता.

साडेबाराला ते जेमतेम अर्ध्या वाटेवर होते. वळणावरून माणसांचे आवाज आले आणि वरून एक खाट उतरताना दिसली. दोन माणसं खाट धरून होती, पुढचा माणूस घसरत घसरत पाय टाकत होता, मागच्याच्या हाताला रक्त आलं होतं. खाटेवर एक अडलेली बाई, गुडघे पोटाशी घेतलेली. बाजूने सलाइनची बाटली उंच धरून धाकटी चालत होती. तिच्या पांढऱ्या कपड्यांना गुडघ्यापर्यंत चिखल होता.

धाकटीने भावाकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं, चार गड्यांकडे पाहिलं.

"खाली ठेवा ते," ती म्हणाली. "आणि हिला उचला."

गड्यांनी यंत्र तिथेच वाटेच्या कडेला टेकवलं. बांबू काढून खाटेला लावले. ते चार खांदे खाटेला लागले तशी ती भराभर खाली निघाली. त्या बाईचा नवरा आणि दीर, ज्यांनी तिला दरीतून इथवर आणलं होतं, ते मागे धापा टाकत नुसते चालत राहिले.

धाकटीने जाता जाता सगळं तुटक तुटक सांगितलं. पहाटे पाचला बाई अडली. मूल आडवं होतं. सहाला तिने बिनतारी उचलली तर नुसती खरखर. शिपायाला माथ्यावर पाठवलं, तो जाऊन हात हलवत परत आला, कारण वर ओढायला दोरीच नव्हती. साडेसातला तिने ठरवलं, की आता डोंगर ओलांडायचा.

"सहाला बोलणं झालं असतं तर दहाला गाडी दारात होती," ती म्हणाली. ती रागाने बोलत नव्हती, नोंदवहीत लिहावं तशी बोलत होती.

थोडं अंतर गेलं. मग तिने विचारलं, "तू तर पाठीवर नेता येईल असं मागितलं होतंस ना? मग हे असलं धूड कुणी निवडलं?"

"समितीने," वरचे म्हणाले.

"कोण कोण होतं समितीत?"

"साहेब होते. भांडारप्रमुख. तक्तेवाल्या बाई." एवढं म्हणून ते थांबले. चौथं नाव त्यांनी घेतलं नाही, वाकून वाटेतला एक दगड बाजूला केला.

"हं," धाकटी म्हणाली आणि बाटली या हातातून त्या हातात घेतली.

जीप दोनला निघाली. जीपमध्ये ती बाई, तिचा नवरा, धाकटी आणि ड्रायव्हर. वरच्यांना जागा नव्हती. संध्याकाळी निरोप आला, की बाई वाचली, मूल वाचलं नाही. मुलगी होती.

पुढचे दोन दिवस वरच्यांनी तार जोडण्यात काढले. केंद्र पुन्हा बोलू लागलं. कचेरीत परतले तर टेबलावर कागद होता. खात्याचे विद्युतजनित्र मंजूर ठिकाणाऐवजी पायवाटेवर बेवारस स्थितीत आढळले, त्याची चार चाके गहाळ आहेत, तरी खुलासा करावा. खाली साहेबांनी स्वतःच्या हाताने एक ओळ जोडली होती: 'यंत्र पायथ्यापासून अर्ध्या वाटेपर्यंत नेण्यात यश आले, यावरून त्याची सुवाह्यता सिद्ध होते, असे खुलाशात आवर्जून नमूद करावे.' एरवी वरचे हे वाचून पोट धरून हसले असते आणि बायकोला नक्कल करून दाखवली असती. आता ते हसले नाहीत. साहेब मूर्ख, बाई मूर्ख, भांडारप्रमुख तर जन्मजात मूर्ख, हे त्यांनी गेल्या महिन्याभरात शंभरदा स्वतःला ऐकवलं होतं. पण त्या तिघांना कळत नव्हतं आणि आपल्याला कळत होतं, एवढा फरक होता. त्यांना स्वतःची शरम वाटली.

बिनतारीवरून सांगता आलं असतं, पण बिनतारी अख्खी दरी ऐकते. रविवारी ते उठले आणि चालत निघाले. अर्ध्या वाटेवर यंत्र होतं. कुणीतरी त्यावर लाकडाची मोळी टेकवून ठेवली होती, दम खायला ती उंची सोयीची होती. वरचे न थांबता पुढे गेले, माथा ओलांडला आणि दुपारी आरोग्यकेंद्रात पोहोचले.

धाकटी कापसाचे बोळे करून डब्यात भरत होती. तिने त्यांना बसायला स्टूल दिलं आणि पाणी दिलं. ते पाणी न पिता तांब्या हातात धरून बसले.

"तुला एक सांगायचं होतं," ते म्हणाले. "त्या दिवशी वाटेत तू विचारलंस, समितीत कोण होतं. मी तिघांचीच नावं घेतली. चौथा मी होतो. मला दिसत होतं ते चुकतंय. एकदा बोललो, आणि मग सही केली."

धाकटीने डब्याचं झाकण लावलं. उठून फळीवरच्या नोंदवहीखालून एक कागद काढला आणि त्यांच्यापुढे धरला. समितीचा निर्णय, सोबत तो सुंदर रेघांचा तक्ता, खाली चार सह्या. कोपऱ्यात शिक्का होता: 'प्रत माहितीस्तव.'

"ही कधी आली?"

"यंत्र पायथ्याला यायच्या आधीच."

वरच्यांनी स्वतःची सही पाहिली. चारांत तीच सगळ्यांत स्पष्ट वाचता येत होती.

"म्हणजे त्या दिवशी तुला माहीत होतं. मग विचारलंस कशाला?"

"मला वाटलं तू सांगशील," धाकटी म्हणाली आणि कागद घडी करून पुन्हा नोंदवहीखाली ठेवला.